भिंत नसलेली वेस

नवरात्र तोंडावर आलं असताना पुष्पावतीने जाहीर केलं, की यंदा ती कुणाच्याच घरी घट बसवणार नाही. कारण गुडघे. हे तिने पिठाच्या गिरणीत जाहीर केलं, म्हणजे दिवस मावळायच्या आत ते कानगुड्यांच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही घरांत पोचेल आणि तिला स्वतःला कुठे चालत जावं लागणार नाही.

थोरल्या घरात बातमी पोचली तेव्हा रंगनाथ जेवत होता. त्याने घास हातातच ठेवला आणि विचारलं, "मग आपला घट कोन बसवनार?"

चांगुणा त्याच्यासमोर बसून भाकरी वाढत होती. लग्न होऊन शेहेचाळीस वर्षं झालेली, एक मुलगा, दोन मुली, सून, नात, चाळीसेक एकराचा संसार. पण हा प्रश्न त्याने तिला विचारला नव्हता. तो घराला उद्देशून विचारला होता. घराने उत्तर दिलं नाही.

याचं कारण वेस.

तालुक्यात सांगव्या तीन आहेत, म्हणून मिरजगावहून सुटणाऱ्या गाडीचा कंडक्टर हिला 'वेशीची सांगवी' म्हणतो. वेस आहेच. काळ्या दगडाची, टोकदार कमानीची, आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांनी बसायच्या देवड्या. एकेकाळी तिच्या दोन्ही बाजूंनी गावकुसाची भिंत निघून गावाभोवती फिरत होती. ती भिंत पुढे शाळेच्या जोत्यात, ओढ्यावरच्या मोरीत आणि गावातल्या बऱ्याचशा संडासांत वाटली गेली. उरली नुसती वेस, दोन्हीकडे मोकळं रान घेऊन उभी. आणि ती बंद आहे. दगड रचून बुजवलेली. गावात येणारा रस्ता तिला वळसा घालून येतो. भिंत नाही पण दार मात्र बंद, असं गाव बघायला कधीमधी बाहेरचे लोक येतात, फोटो काढतात, वळसा घालून आत येऊन चहा पितात आणि वळसा घालून निघून जातात. गावाला यात काही वावगं वाटत नाही.

बुजवली ती कानगुड्यांनीच. पोळ्याच्या दिवशी वेशीतून आधी थोरल्या घरचा बैल जायचा की धाकट्या घरचा, यावरून तंटा होताच. एका वर्षी दोन्ही बैल एकाच वेळी कमानीत घातले गेले आणि शिंगात शिंग अडकून तिथेच उभे राहिले. बैलांना सोडवायला दुपार गेली. माणसं काही सुटली नाहीत. रंगनाथच्या वडिलांनी, बजरंगआबांनी, गावाच्या बाजूने वेशीत भिंत घातली: आमचा नाही तर कुणाचाच नाही. त्याच आठवड्यात धाकट्या घरच्या सहादेवच्या वडिलांनी, वैजनाथआबांनी, बाहेरच्या बाजूने दुसरी भिंत घातली. वेस आधीच बंद होती हे त्यांना दिसत होतं. पण ती बजरंगआबांनी बंद केलेली होती. आपण बंद केल्याशिवाय ती खऱ्या अर्थाने बंद झाली असं त्यांना वाटेना.

तेव्हापासून दोन भिंतींच्या मधे दोन्ही देवड्या अंधारात बसून आहेत. एका घराने आपली भिंत काढली तरी दुसऱ्याची राहणार, वेस बंद ती बंदच, आणि वर आधी नमल्याचं नाव होणार. म्हणून कुणी काढत नाही.

बैलांचं यात फारसं बिघडलं नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टर कमानीत मावत नाहीत. बिघडलं सुनांचं. कानगुड्यांच्या सुनेने वेशीतून यावं, तिथे तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकावा, पायावर पाणी घालावं, मग ती आत आली असं धरतात आणि देव्हाऱ्यातले देवांचे टाक तिच्या हाताला येतात, घटही मग तिनेच बसवायचा. वेस बुजल्यानंतरची पहिली सून चांगुणा. ती रस्त्याने आली. तिच्या सासूने तिला उंबऱ्यावर बघून घेतलं आणि निकाल दिला, "आली खरी. पन वेशीतनं न्हाई आली." त्यानंतर सासूने तिला कधी त्रास दिला नाही, माया केली, जाताना पाटल्या दिल्या. टाक मात्र दिले नाहीत.

वेशीतून आलेली, आज हयात असलेली एकच बाई दोन्ही घरांत मिळून उरली होती. ती धाकट्या घरची पुष्पावती, सहादेवची बायको. भांडण भांडणाच्या जागी. दर नवरात्रात तिला गल्लीतून मानाने थोरल्या घरी आणत, ती चांगुणाच्या देव्हाऱ्यापुढे घट बसवी, राशीनच्या देवीचं नाव घेई आणि पाणीसुद्धा न पिता परत जाई.

आणि आता तिचे गुडघे गेले होते.

*

चांगुणा धाकट्या घरी मागच्या दाराने आली. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, पण मागच्या दारांना हे कुणी कळवलं नव्हतं.

"आक्का, गुडघं लई दुखत्यात म्हनं?"

"कुनाचं?"

"तुमचं."

"व्हय व्हय. लई," पुष्पावती म्हणाली. ती स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढत होती.

"मग खाली तरी उतरा."

"उतरते. हे धर." तिने डबा खाली दिला आणि एकदम उतरली. "मला एक सांग चांगुणा. घटाची माती कोन चाळतं?"

"मी."

"सात धान्यं कोन भिजवतं? सारवतं कोन? माळेची फुलं कोन आनतं?"

"मीच की."

"आन् मी येऊन काय करते? तुझ्या हातातलं घेते आन् खाली ठेवते. वीतभर खाली. तेवढ्यासाठी मला गल्लीतनं नवरीवानी मिरवत नेत्यात."

"मान हाय तुमचा."

"खड्ड्यात गेला. मी मेल्यावर कोन ठेवनार ते? तुझी सुरेखा रस्त्यानं आली. माझी बी सून रस्त्यानंच आली, ती बी टमटममधनं. माझ्यामागं देव काय आपल्या पायानं उतरून बसनार व्हय घटाला?" पुष्पावतीने डब्यातले लाडू काढून तिच्या ओंजळीत कोंबले. "वेस उघडू दे त्यास्नी."

"ते उघडत्यात व्हय?"

"न्हाई उघडली तर बसू दे देव तसंच. त्येला बी कळू दे कुनाच्या घरात ऱ्हातोय त्ये."

चांगुणा हसली. मग हसायची थांबली. "पन आक्का, तुमाला काय त्यात? तुमी तर आलाय आत."

पुष्पावतीने याचा विचार केला. "मी आत आले वेशीतनं. आन् मागं वळून बघते तर वेस बंद. माहेराला गेले ती रस्त्यानं. रस्त्यानं गेलं की मला वाटतंय, मी गेलेच न्हाई." ती थांबली. "आई गेली तवा बी रस्त्यानंच गेल्ते."

दोघींनी लाडू खाल्ले. वरच्या गल्लीत कुणाच्या तरी मोबाईलवर आरती वाजत होती, अजून वेळ झाली नसतानाच.

जाताना चांगुणा दारात थबकली. "गुडघं खरंच बरं हायती न्हवं?"

"घरातल्या घरात बरं हायती. तुमच्या उंबऱ्यापशी दुखत्यात."

*

बैठक थोरल्या घरी भरली. सहादेव पस्तीसेक वर्षांनी त्या घराची पायरी चढला. धाकट्या घरातला असला तरी वयाने तो रंगनाथपेक्षा थोरला होता, आणि ही गोष्ट तो चालण्यातून दाखवत असे. त्याने येताना स्वतःचा चहा थर्मासात आणला होता.

"मी आलो म्हंजी मिटलं असं समजू नगा," तो दारातच म्हणाला.

"बसा. खुर्ची मंडपवाल्याची हाय, आमची न्हाई," रंगनाथ म्हणाला.

सहादेवने खुर्चीच्या पाठीवरचं मंडपवाल्याचं नाव वाचलं आणि मगच बसला.

अश्विनी, रंगनाथची नात, हे सगळं भिंतीला टेकून बघत होती. ती मनिलाला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीवर आली होती. तिकडे कुणी विचारलं की तुमचं गाव कसं आहे, तर ती म्हणे, साधं आहे. आता तिला वाटलं, आपण खोटं बोलत होतो.

रंगनाथने सुरुवात केली. "वहिनीचं गुडघं बरं हुईपरेंत काय तरी वाट काढाया पायजे. वेस उघडायची गरज न्हाई."

"अजिबात न्हाई," सहादेव म्हणाला.

दोघं दचकले. त्यांचं एकमत झालं होतं. ते कसं हाताळायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"मी म्हनतो शिडी लावू," सहादेव सावरून म्हणाला. "चांगुणावहिनीला भाईरनं वर चढवायचं, कमानीवरनं आत उतरवायचं. वेशीवरनं आली म्हंजी वेशीतनं आली."

"चौसष्टाव्या वर्षी?" सुरेखा, चांगुणाची सून आणि अश्विनीची आई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "त्यापरीस दुसऱ्या गावच्या वेशीतनं काढा की आत्याबाईला. नगरला माळीवाडा वेस हाय, दिल्ली दरवाजा हाय. उघडी हायती दोन्ही. बायांना अर्धं तिकीट. सकाळी जाऊन दुपारी माघारी."

बैठकीने यावर गंभीरपणे विचार केला. रंगनाथने तर गाडीची वेळ विचारली.

"मला दिल्लीत न्हाई जायाचं," चांगुणा म्हणाली. ती चुलीजवळच्या पाटावर बसून होती आणि इतका वेळ बोललीच नव्हती. "मला सांगवीत यायचंय."

"तू सांगवीतच हायेस की!" रंगनाथ म्हणाला.

"हाय न्हवं? मग द्या टाक."

रंगनाथ छताकडे बघू लागला.

अश्विनीला राहवलं नाही. "अण्णा, मी तिकडे राहते ना, तिथेही असंच आहे. म्हणजे होतं. स्पॅनिश लोकांनी मनिला बांधलं तेव्हा शहराभोवती भिंत घातली. बुरूज, किल्ला, खंदक, दरवाजे, सगळं. त्या जागेचं नावच आहे, भिंतींच्या आत. इंत्रामुरोस."

"आपल्या नगरच्या किल्ल्याएवढं?" सहादेवने विचारलं. तो थोरल्या घरच्या पोरीशी बोलला हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"त्याहून बरंच मोठं, तात्या. आख्खं शहरच. पण आत राहायचे फक्त स्पॅनिश. पाव भाजणारे, कपडे शिवणारे, चर्च बांधणारे, ते बहुतेक चिनी. ते दिवसभर आत काम करायचे आणि रात्री दरवाजे लागायच्या आत बाहेर निघायचे. त्यांची वस्ती भिंतीबाहेर, तोफेच्या बरोब्बर टप्प्यात ठेवलेली."

"आन् भाकरी त्यांच्याच हातची?" पुष्पावतीने विचारलं. ती गुडघ्यांमुळे येणार नव्हती. पण बैठक गुडघ्यांबद्दल असल्याने आली होती.

"त्यांच्याच हातची."

"मग तोफ कशापायी?"

"भीती वाटायची त्यांना. ज्यांच्यावाचून चालत नाही त्यांची."

चांगुणाने मान वर केली आणि नातीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. अश्विनीला एकदम तो हात दिसला: दर नवरात्रात माती, धान्य, कलश, पानं, सगळं घेऊन देव्हाऱ्याच्या कडेपर्यंत जाणारा आणि तिथे दुसऱ्या हातात देऊन परत फिरणारा. लहानपणापासून बघितलेला. तिला वाटायचं आज्जीला वाकायला त्रास होतो.

"मग त्या भिंतींचं काय झालं?" रंगनाथने विचारलं. दुसऱ्यांच्या भिंतींबद्दल बोलायला त्याला बरं वाटत होतं.

"युद्धात आतलं जवळजवळ सगळं गेलं. एक चर्च राहिलं. आतले लोक आतच अडकले, भिंती होत्या म्हणून. नंतर भिंती, दरवाजे पुन्हा बांधून काढले. आता बघायला लोक येतात. दरवाजे उघडेच असतात. खंदक बुजवलाय, तिथे गोल्फ खेळतात."

"खंदकात?"

"खंदकात."

सहादेवने थर्मासातून चहा ओतला. "लोकं बी काय करत्याल," तो म्हणाला. बंद वेशीच्या गावातल्या माणसाने हे म्हणावं, यात कुणाला काही खटकलं नाही.

चांगुणा उठली. "झालं तुमचं? आता माझं ऐका. उद्या सकाळी बिभीषण येनार हाय जेसीबी घिऊन. मी सांगितलंय त्याला."

बिभीषण दाराबाहेरच उभा होता; त्याला बोलावलं होतं म्हणून आला होता, पण आत ये असं कुणी म्हणालं नव्हतं म्हणून बाहेर होता. त्याची वस्ती वेशीपलीकडची, ओढ्याच्या अंगाची. कानगुड्यांच्या आधीपासून होती तिथेच.

रंगनाथ ताडकन उठला. "आरं पन जेसीबीनं कमान बी यील खाली!"

"यील की," बिभीषण म्हणाला. "मी काय गॅरंटी देत न्हाई."

"मग कशाला व्हय म्हनला?"

"काकी म्हनल्या म्हनून. आन् मला एकदा त्या वेशीतनं जायचंय, अण्णा. आमच्या आज्याला ती उघडी हुती तवा बी बंदच हुती."

सहादेवने थर्मासाचं झाकण फिरवलं, मग उलटं फिरवलं. सुरेखाने पुढे होऊन बिभीषणला आत घेतलं आणि मंडपवाल्याची दुसरी खुर्ची दिली. तो बसला. त्याने खुर्चीवरचं नाव वाचलं नाही.

*

रंगनाथ पहार घेऊन उजाडताच वेशीपाशी गेला. जेसीबीच्या आधी आपली भिंत आपण काढायची, कमान वाचवायची, म्हणजे नमल्यासारखंही होणार नाही. ही दुरुस्ती आहे. गावाच्या बाजूने, जिथे बजरंगआबांनी दगड रचले होते, तिथे तो उभा राहिला. पलीकडून ठक-ठक ऐकू येत होती. कुणीतरी बाहेरच्या भिंतीवर पहार मारत होतं. म्हणजे सहादेवलाही दुरुस्तीच सुचली होती.

रंगनाथने पहार उचलली आणि कुठे मारावी म्हणून भिंतीवरून हात फिरवला. चुन्याने दरसालचे पोचारे दिलेले, सांधे गच्च भरलेले. पण डोळ्यांच्या उंचीवर एका दगडाच्या कडेला चुना नव्हता. एक बारीक काळी रेघ चारी बाजूंनी. त्याने बोटं घालून ओढलं. दगड पहारेशिवाय बाहेर आला, खणासारखा. कडा गुळगुळीत झाल्या होत्या. एकदा काढलेला दगड असा होत नाही.

रंगनाथ तो हातात घेऊन उभा राहिला.

बजरंगआबा रोज संध्याकाळी फिरायला वेशीकडे जात. भिंत बघून येतो म्हणत. घरच्यांना वाटे, भिंतीचा अभिमान. परत आले की कधीकधी जेवत नसत, आणि कारण विचारलं तर 'बंदच हाय' एवढंच म्हणत. त्यांचीच भिंत, बंदच असणार. रंगनाथला ते उत्तर म्हातारपणाचं वाटायचं.

त्याने भोकाला डोळा लावला. अंधार. थंड, जुनी हवा नाकाला लागली, तिला बैलाचा वास नव्हता, माणसाचाही नव्हता. पलीकडच्या ठोकण्याचा आवाज थांबला. मग अंधारात, बरोब्बर समोर, एक चौकोन उजळला. आणि त्या चौकोनात एक डोळा आला.

"कोन हाय?" डोळ्याच्या मागून आवाज आला.

"मी हाय."

"मी बी मीच हाय." थोडा वेळ गेला. "रंगा?"

या नावाने त्याला शेवटचं कुणी हाक मारली होती ते रंगनाथला आठवेना. "व्हय."

"तुजा दगड कसा निघाला?"

"हातानं. तुमचा?"

"हातानंच."

दोघांनी दोन्ही दगडांकडे पाहिलं, आपापल्या. वेशीच्या मधल्या अंधारात आता दोन तिरपे उजेड होते आणि त्यांत धूळ तरंगत होती.

"म्हंजी आमचा आबा बघायचा," सहादेव म्हणाला. "तुमी काढायला लागलाय का ते."

"आमचा बी."

"दिसायची तुमची भिंत."

"आन् आमच्या आबाला तुमची."

सहादेवचा आवाज आला, जरा खरखरीत. "एकदा बी दोघांनी एका टायमाला बघितलं न्हाई का रं?"

रंगनाथने तोंड बाजूला केलं, उपरण्याने डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाला, "धूळ लई हाय आत."

"लई हाय," डोळा म्हणाला.

मग दोघं दगड काढू लागले. वरून खाली, एकेक. आधी कोण सुरू झालं हे नंतर दोन्ही घरांत वेगवेगळं सांगितलं जाणार होतं, आणि दोन्हीकडे सांगायला साक्षीदार नव्हता, ही त्यातली त्यात बरी गोष्ट. बिभीषण जेसीबी घेऊन आला तोवर कमरेपर्यंत भिंती उतरल्या होत्या. त्याने यंत्र बंद केलं, उतरून पाहिलं आणि न बोलता दगड उचलून बाजूला रचू लागला. यंत्रावाचून त्याला काम करताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

*

चांगुणा वेशीबाहेर उभी होती. अंगावर नेहमीचं लुगडं. सुरेखाने हिरवं नेसा म्हणून गळ घातली होती, पण या वयात नवरी व्हायचं असेल तर ती लुगडं न बदलता होईल, असं चांगुणाने ठरवलं होतं. हातात ताट: माती, भिजवलेलं धान्य, नवा घट. तिला दरवेळी जिथवर न्यायचं असे तिथवर ते ताट ती आत्ताही नेऊ शकत होती. त्याच्या पुढचं तिला ठाऊक नव्हतं.

गाव जमलं होतं. निम्मं आत, निम्मं बाहेर, आणि बाजूने मोकळी जागा असल्याने काहीजण बघायला सोपं पडावं म्हणून इकडून तिकडे फिरत होते. अश्विनी मोबाईल घेऊन उभी होती, पण फोटो काढत नव्हती.

वाट आता एका माणसापुरती मोकळी झाली होती. आतून पुष्पावती आली, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. तिने गावाच्या बाजूचा दगडांचा ढीग सहज ओलांडला. ते पाहून सहादेव काही बोलणार होता, पण रंगनाथने त्याच्या दंडाला हात लावला आणि सहादेवने ते चालवून घेतलं. पुष्पावती कमानीखाली मधोमध आली, डाव्या हाताच्या देवडीवर पदराने धूळ झटकली आणि बसली. तांब्या शेजारी ठेवला.

"वहिनी, उभं ऱ्हाऊन ओवाळायचं असतं," रंगनाथ बाहेरून म्हणाला.

"गुडघं," पुष्पावती म्हणाली.

चांगुणाने बाहेरून आत पाहिलं. कमानीच्या त्या तोंडाला गाव दिसत होतं, मारुतीचा पार, तिच्या घराची टाकी, तारेवर तिनेच वाळत घातलेली कालची गोधडी. शेहेचाळीस वर्षं याच गावात तिने पाणी भरलं होतं. बाळंतपणं केली होती, स्वतःची आणि दुसऱ्यांची. सासूच्या शेवटच्या दिवसांत तिला उचलून उन्हात बसवलं होतं. त्या सगळ्या वेळी ती कुठे होती म्हणायची? तिला वाटलं होतं इथे उभं राहिल्यावर रडू येईल. रडू आलं नाही. राग आला, आणि तोही जुना होऊन निवलेला, दह्यासारखा.

तिने ताट सावरलं आणि आत पाऊल टाकलं. कमानीखाली गार होतं.

"थांब," पुष्पावती म्हणाली. तिने भाकरतुकडा उचलला. तिचे डोळे चमकत होते. तिला हे सगळं फार आवडत होतं. "आता म्या म्हनायचं. ये सूनबाई, आत ये."

सगळे थांबले. बाहेर रंगनाथ आणि सहादेव खांद्याला खांदा लावून उभे होते, हात चुन्याने पांढरे.

"मी आतच हाय, आक्का," चांगुणा म्हणाली. मोठ्याने नाही, पण कमानीने तो आवाज दोन्ही बाजूंना नेला. "तुमी आला त्याच्या पाच वर्सांनी आले, तवापास्नं. भाकरतुकडा ठिवा खाली. घट माझा मी बसवीन. तुमचा तुमी बसवा."

पुष्पावतीने तिच्याकडे पाहिलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच होता. मग तिने तो मोडला, अर्धा चांगुणाला दिला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

"आन् मी बाहेर जाऊ का?" तिने खात खात विचारलं. "माहेराला?"

"जावा की. जेवूनच या. पन आधी सरका जरा, मला बसू दे. सकाळधरनं उभीच हाय."

पुष्पावती सरकली. चांगुणा ताट मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली. तांब्यातलं पाणी दोघींनी आळीपाळीने प्यायलं. मग त्या हळू आवाजात काहीतरी बोलू लागल्या, आणि एकदा पुष्पावती इतकी हसली की तिला खोकला आला.

बाहेर ऊन चढत होतं. सहादेवला घरी जायचं होतं, रंगनाथलाही. वेशीला वळसा घालून जाणारा रस्ता चार पावलांवर होता आणि त्यावरून आत्ताच एक टेम्पो गेला. दोघांनी टेम्पोकडे पाहिलं, वेशीकडे पाहिलं, आणि बायकांचं बोलणं संपायची वाट बघत तिथेच उभे राहिले.